झेड ४ घ्यायची, पण चार सिलिंडर की सहा? बेळगावातल्या एका खरेदीचं पूर्ण प्रकरण

प्रश्न सरळ होता. उद्यमबागेत फौंड्री असलेला माझा जुना मित्र, पन्नाशीला टेकलेला, लेक शिकायला बाहेरगावी, दारात इनोव्हा आहेच, आणि आता स्वतःसाठी आणि वहिनींसाठी दोन सीटची, टप उघडणारी एक स्पोर्ट्स कार घ्यायची हे त्यानं नक्की केलेलं. मॉडेल पण नक्की, बीएमडब्ल्यू झेड ४, २०१९ ला भारतात विकायला लागले ती पिढी, सेकंड हँड. अडलं ते इंजिनवर. एक गाडी कोल्हापुरात मिळत होती, एसड्राइव्ह २०आय, दोन लिटर, चार सिलिंडर. दुसरी पुण्यात, एम४०आय, तीन लिटर, सहा सिलिंडर. पैसे दोन्हीला पुरत होते, म्हणजे परवडत नाही म्हणून लहान घे असा विषयच नव्हता, आणि म्हणूनच हे सविस्तर लिहितोय, कारण पैशाची अडचण नसली की आपल्याकडं माणूस सरळ मोठ्या इंजिनवर बोट ठेवतो आणि पुढं कोण काही विचारतच नाही.

आधी आकडे. २०आय मध्ये १९९८ सीसी, १९७ एचपी, ३२० न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे चाक फिरवायचा जोर. एम४०आय मध्ये २९९८ सीसी, ३४० एचपी, ५०० न्यूटन मीटर. दोन्ही टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या, दोन्हीला आठ गिअरचा ऑटोमॅटिक, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या. शून्य ते शंभर, लहानीला ६.६ सेकंद आणि मोठीला साडेचारच्या आसपास. वजनात साधारण सव्वाशे किलोचा फरक, आणि त्यातलं बरंच वजन पुढच्या चाकांवर येतंय कारण सहा सिलिंडर एका ओळीत म्हणजे इंजिनच लांब. २०१९ ला शोरूमची किंमत होती ६४.९ लाख आणि ७८.९ लाख. पुढं २०२३ ला फेसलिफ्ट, म्हणजे तीच गाडी थोडं रूप बदलून, आली तेव्हा इथं फक्त एम४०आय ठेवली, त्यामुळं लहान इंजिनची झेड ४ आता हवी असेल तर सेकंड हँडच बघावी लागते.

मी क्रँकशाफ्ट ग्राइंडिंगच्या धंद्यातला, म्हणजे पिस्टन वरखाली झाले की इंजिनात जो दांडा फिरतो तो घासून देणारा, त्यामुळं मला ब्रोशरपेक्षा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वरखाली जातो ते अंतर) यात जास्त रस. आणि इथंच पहिली गोष्ट हाती लागते. या दोन्ही इंजिनांचा बोअर ८२ मिलिमीटर आणि स्ट्रोक ९४.६ मिलिमीटर, दोन्हीत तेच. कंपनीनं साधारण ५०० सीसीचा एक सिलिंडर ठरवला आणि तोच तीन, चार, सहा असा एकापुढं एक लावून इंजिनांचं सगळं घराणं काढलं. आता टॉर्कला सिलिंडरनं भागा. लहानीत ३२० भागिले ४ म्हणजे ८०, मोठीत ५०० भागिले ६ म्हणजे ८३. जवळजवळ सारखाच. पॉवर भागा, लहानीत सिलिंडरमागं ४९ एचपी आणि मोठीत जवळपास ५७. म्हणजे "मोठं इंजिन घे, त्याच्यावर ताण कमी येतो, जास्त वर्षं टिकतंय" हे जे आपल्याकडं सगळे जण सांगतात, मित्राच्या फौंड्रीतले फोरमन पण तेच सांगत होते, ते ह्या जोडीला लागूच पडत नाही. इथं एकेका सिलिंडरमागं जास्त काम मोठं इंजिनच करतंय. जुन्या काळात, टर्बो नसताना, तो सल्ला बरोबर होता. आता प्रत्येक इंजिनचं गणित वेगळं करून बघावं लागतंय.

मग सहा सिलिंडरला खरा फायदा काय? तो आहे, आणि मोठा आहे, त्याबद्दल मला मनापासून बोलायचंय. एका ओळीत चार सिलिंडर असले की दोन पिस्टन वर आणि दोन खाली, त्यांचं पहिलं बॅलन्स जमतंय, पण क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारी जी दुसरी थरथर असते ती चारही पिस्टनची एकाच दिशेला जमा होते. ती मारायला मग इंजिनात उलट सुलट फिरणारे बॅलन्स शाफ्ट घालावे लागतात, क्रँकच्या दुप्पट वेगानं फिरणारे. सहा सिलिंडर एका ओळीत असले की ही दुसरी थरथर आपोआप एकमेकांत कटते, वेगळं काही घालावंच लागत नाही. क्रँक बॅलन्सिंग मशिनवर आयुष्य काढलेल्या माणसाला ही गोष्ट किती सुंदर वाटते ते मी शब्दांत सांगू शकत नाही. एम४०आयचं इंजिन चार हजार आरपीएमच्या वर ओढत नेताना स्टिअरिंगला हाताला काहीच लागत नाही, नुसता आवाज भरत जातो. २०आय मध्ये ती मजा नाही. तिथं आवाज साधा आहे, कामाचा आहे, आणि थंडीत सकाळी स्टार्ट केल्यावर डिझेलसारखी थोडी टकटक पण ऐकू येते.

तर दोन्ही बाजूला खरं वजन आहे. मग ठरवायचं कशावर? मी मित्राला म्हटलं, ही गाडी तू कुठल्या रस्त्यावर चालवणार ते सांग, बाकी राहू दे. पुण्याला कामाला जायचं तर तो इनोव्हा आणि ड्रायव्हर घेऊन जातो, मागं बसून फोन करत, आणि कागलपासून पुढं सहापदरीच्या कामानं हायवेची जी दशा झाली त्यातनं खालून एवढी बसकी गाडी न्यायची त्याची इच्छापण नाही. राहिलं काय, तर रविवारी पहाटे हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळी करत आंबोली. कधी जांबोटी, कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून गोवा. संध्याकाळी राकसकोपपर्यंत एक फेरी. आणि वहिनींना शहरात पण न्यायची आहे, हे महत्त्वाचं, कारण टिळकवाडीतली रेल्वे गेटं आणि खडेबाजारची गर्दी त्यांच्या वाट्याला येणार.

कोल्हापूरचे मालक चांगले निघाले, गडहिंग्लज, आजऱ्यावरनं आंबोलीला येतो म्हणाले, तिथं चालवून बघा. घाटात २०आय चालवताना जे लक्षात आलं ते असं की गाडीकडनं पूर्ण काम घेता येतंय. वळणातनं बाहेर पडलं, दुसऱ्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबला, इंजिन चढत जातंय, तिसरा पडतोय, थोडा वेळ ओढतंय, मग पुढच्या वळणाला ब्रेक. टॉर्क १४५० आरपीएमपासनंच पूर्ण मिळतो त्यामुळं चढावर कुठं धाप लागली असं झालं नाही. पुढचं टोक हलकं, वळणात स्टिअरिंग फिरवलं की नाक लगेच येतंय, आणि उतरताना ब्रेकला थांबवायला वजन कमी.

पुण्यातली एम४०आय डीलरच्या माणसाला शेजारी बसवून खंबाटकीपर्यंत नेली. साताऱ्याकडं जाताना तो घाट तेव्हा एकेरी होता त्यामुळं समोरनं येणाऱ्याची भीती नव्हती, मोठं इंजिन बघायला जागा चांगली. आणि तिथं मित्र जे बोलला त्यातच मला निकाल दिसला. "हे काय गा, पाय ठेवला की आलंच की पुढचं वळण." तक्रार म्हणून नाही, खूश होऊन म्हणत होता, पण खरी गोष्ट तीच. ५०० न्यूटन मीटर १६०० आरपीएमपासनं मागच्या चाकांवर आले की पूर्ण पाय ठेवायला दोन वळणांमध्ये जागाच उरत नाही. अर्ध्या पायानं चालवायचं, आणि उरलेलं अर्धं इंजिन नुसतं बरोबर घेऊन फिरायचं. आंबोली आणि चोर्ला तर त्याहून अरुंद, समोरनं गोव्याचे ट्रक, एसटी, केएसआरटीसी, आणि वळणावर आरसा असला तर असला.

आता ओव्हरटेकचा मुद्दा, कारण मोठ्या इंजिनच्या बाजूनं घरातला प्रत्येक माणूस हाच बोलतो आणि तो फुसका नाही. आपल्याकडं कारखाने सुरू झाले की चिकोडी, निपाणी, संकेश्वर, हुक्केरी सगळीकडं ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर ऊस रस्त्याच्या मध्यापर्यंत आलेला, मागं दिवा नाही. त्याच्या पुढं जायला लागणारा वेळ म्हणजे आपण चुकीच्या बाजूला असण्याचा वेळ. तर मी वहीत हिशोब केला. दोन माणसं बसलेली, ६० वरनं १०० वर जायचं, वजन आणि पॉवर धरून, वेगाबरोबर पॉवर कमीजास्त होते ती पण अंदाजानं धरून, लहानीला साडेतीन सेकंदाच्या जवळ आणि मोठीला अडीचच्या जवळ येतात. म्हणजे एक सेकंदाचा फरक. ९० च्या वेगानं एका सेकंदात गाडी २५ मीटर जाते, समोरचा पण तेवढ्याच वेगानं येत असेल तर मधलं अंतर ५० मीटरनं कमी होतंय. फरक खरा आहे, नाही म्हणणार नाही.

पण हा एक सेकंद उपयोगाचा कधी? समोरचं दिसत असेल तेव्हाच. आणि समोरचा सरळ रस्ता दिसत असेल तर साडेतीन सेकंद पण भरपूर होतात. ऊस उभा असताना, वळणावर, धुक्यात समोरचं दिसतच नसेल तर ५०० एचपी असली तरी जायचं नाही. मला भीती याची वाटते की मोठं इंजिन पायाखाली असलं की माणूस दिसत नसताना पण "जातंय की" म्हणून बाहेर काढतो. मित्र आज ज्या इनोव्हात हा सगळा रस्ता काढतो ती दीडशे पीएसची (पीएस म्हणजे जवळपास एचपीच) आणि पावणेदोन टनाच्या वरची आहे, त्यात तो नीट थांबून, बघून ओव्हरटेक करतो. त्याच्या मानानं २०आय म्हणजे वजन तीन चतुर्थांश आणि पॉवर तिच्याहून बरीच जास्त. त्याला लागणारी सुरक्षित ताकद लहान इंजिनातच मिळून वर उरते.

पावसाचं वेगळं सांगायलाच पाहिजे. आंबोली आणि कणकुंबी म्हणजे आपल्या भागातली सगळ्यात जास्त पावसाची ठिकाणं, जून ते सप्टेंबर रस्त्याच्या कडेला शेवाळ, वरनं माती आलेली, वळणात पाण्याचा पाट. मागच्या चाकांना ५०० न्यूटन मीटर देऊन तिथं इलेक्ट्रॉनिक्स सारखं इंजिन दाबत बसतंय. तेव्हा तुम्ही पैसे इंजिनचे दिलेत आणि चालवताय कॉम्प्युटरनं ठरवलेलं इंजिन. लहानीत चाक घसरल्याचा तो डॅशबोर्डवरचा दिवा क्वचित लुकलुकतो.

टायरकडं कोण बघत नाही आणि बेळगावात हाच भाग सगळ्यात महाग पडतो. या दोन गाड्यांपैकी कोल्हापूरच्या गाडीला १७ इंची चाकं, पुढं २२५/५०, म्हणजे टायरची बाजूची उंची ११२ मिलिमीटर. पुण्याच्या गाडीला १९ इंची, पुढं २५५/३५, म्हणजे ८९ मिलिमीटर. पावसाळ्यानंतरचे खड्डे आणि गावोगावचे बिनरंगाचे स्पीडब्रेकर धरले की हे सव्वादोन सेंटिमीटर रबर म्हणजे रिम वाचणं आणि रिम वाकणं यातला फरक. शिवाय दोन्ही गाड्यांना मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद, म्हणजे पुढचे मागं मागचे पुढं असं आलटून पालटून घालता येत नाही, मागची जोडी झिजली की जोडीच घ्यायची, आणि ५०० न्यूटन मीटरनं ती कुठली लवकर झिजेल हे सांगायला नको.

देखभालीत ऑइल, प्लग, कॉइल, इंजेक्टर सगळं दीडपट हे उघड आहे. ऑइल लहानीत सव्वापाच लिटरच्या आसपास आणि मोठीत साडेसहा. एवढ्यानं मित्राचं काही अडत नाही. त्यापेक्षा जास्त महत्त्वाचं म्हणजे जवळपास अधिकृत वर्कशॉप नाही, प्रत्येक मोठ्या कामाला गाडी लांब न्यायची, आणि त्याच घराण्यातलं चार सिलिंडरचं इंजिन ३ सिरीज, ५ सिरीजमध्ये भारतभर फिरतंय, त्यामुळं ते माहीत असलेले मेकॅनिक आणि पार्ट दोन्ही जास्त मिळतात.

आता आपल्या सीमाभागाची खास भानगड. दोन्ही गाड्या एमएच पासिंगच्या. कर्नाटकात कायमची ठेवायची तर मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, घ्यायची, इथं केए २२ नंबर करून घ्यायचा आणि इथला लाइफटाइम टॅक्स भरायचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की हे करावंच लागतं. कर्नाटकात २० लाखांच्या वरच्या गाडीला दर १८ टक्के, वर सेस वेगळा, जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो पण सुरुवात मूळ किमतीवरनं होते. तर मूळ किमतीत १४ लाखांचा फरक म्हणजे नव्या गाडीच्या हिशोबानं नुसत्या टॅक्समध्येच अडीच लाखांचा फरक, वय धरून थोडा कमी. महाराष्ट्रात भरलेल्या टॅक्सचा परतावा मागता येतो पण तो नंतर, अर्ज करून, कागदाच्या मागं फिरून. इन्शुरन्सच्या थर्ड पार्टीत मात्र काही फरक नाही, १५०० सीसीच्या वरच्या सगळ्या खासगी गाड्या एकाच खान्यात, १९९८ काय आणि २९९८ काय.

इथं बरेच जण चंदगडच्या नाहीतर कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर गाडी ठेवून वर्षानुवर्षं एमएच नंबरनं बेळगावात फिरवतात. मित्राला पण दोघा तिघांनी तेच सुचवलं, मी स्पष्ट नको म्हटलं. एवढ्या किमतीच्या गाडीला उद्या अपघात झाला, क्लेमची वेळ आली, गाडी कुणाच्या नावावर, राहते कुठं, चालवतो कोण, हे प्रश्न निघाले की पाहुण्यालाही त्रास आणि आपल्यालाही. टॅक्स झेपत नसेल तर लहान गाडी घ्यावी, पण नंबर सरळ करावा.

वहिनींचं मत मी मुद्दाम शेवटी विचारलं कारण आधी विचारलं असतं तर मित्र त्याचा आडोसा घेऊन ठरवून मोकळा झाला असता. त्यांनी दोन्ही चालवल्या. म्हणाल्या, "भावोजी, लहानीत मी एकटी निघेन आंबोलीपर्यंत. मोठीत तुम्ही कोण तरी शेजारी पाहिजे." यात त्यांच्या चालवण्याची कमतरता काही नाही, त्या वर्षानुवर्षं इनोव्हा बाजारात नेतात. एम४०आयच्या ॲक्सिलरेटरला पायाचा अंदाज यायलाच दिवस लागतात, आणि त्या गाडीनं ते शिकायला वेळ मागणं योग्य पण आहे. पण गाडी घरातल्या दोघांसाठी घ्यायची आणि त्यातलं एक ती एकटं चालवणारच नसेल तर गाडीची अर्धी किंमत तिथंच गेली.

मित्रानं २०आय घेतली. माझं मत पहिल्यापासून तेच होतं आणि कारण एकच, त्याच्या रस्त्यांवर लहान इंजिन पूर्ण वापरलं जातं आणि मोठं अर्धं. हाच माणूस पुण्यात राहत असता, एक्सप्रेसवे रोजचा असता, किंवा महिन्यातनं एकदा कुठल्या तरी ट्रॅकवर नेणारा असता तर मी त्याला एम४०आयच घ्यायला लावली असती आणि त्या सहा सिलिंडरच्या बॅलन्ससाठी जास्तीचे पैसे आनंदानं द्यायला सांगितलं असतं. कुणी फक्त आवाजासाठी, फक्त त्या गुळगुळीत चढण्यासाठी एम४०आय घेत असेल तर त्यालाही माझा विरोध नाही, ते कारण खरं आहे. फक्त टिकाऊपणा आणि ओव्हरटेकची कारणं पुढं करून घेऊ नये, या गाडीत ती टिकत नाहीत.

घेण्याआधी काय तपासलं तेही सांगतो, कारण लहान इंजिन म्हणून तपासणी लहान होत नाही. गाडी लिफ्टवर घेऊन खालनं कूलंटचे डाग, ऑइल फिल्टरच्या हाऊसिंगजवळचा ओलसरपणा, चारही रिमची आतली बाजू फिरवून बघितली, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश हलवून बघितले. टप पूर्ण उघडून बंद करून, पाण्याचा पाइप वर धरून आत कुठं गळतंय काय ते बघितलं, आपल्या पावसाला हे सगळ्यात आधी. सर्व्हिसचं रेकॉर्ड पूर्ण होतं. एका मागच्या रिमला आतनं हलका मार होता, त्याचे पैसे किमतीतनं कमी झाले.

कागद अजून चालू आहेत. तेवढ्यात मित्राच्या भाच्यानं एक विषय काढला. युरोपात ह्याच दोन लिटर इंजिनची ३०आय निघाली होती, २५८ एचपी आणि ४०० न्यूटन मीटर, मग मामा, आपण कोल्हापूरला इंजिनच्या कॉम्प्युटरला सॉफ्टवेअर मारून घेऊया, फुकटात ६० एचपी. मी त्याला बसवून सांगितलं की नाव एक असलं तरी आत सगळं एक नाही, २०आयचं कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पट दाबतो ते, ११:१ आहे आणि ३०आयचं १०.२:१, कंपनीनं जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) देताना कॉम्प्रेशन खाली आणलं ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल वेळेआधी आपोआप पेटून इंजिन ठोकणं, होऊ नये म्हणूनच, टर्बोपण वेगळा, आणि तू नुसता बूस्ट वाढवणार त्या जास्त कॉम्प्रेशनच्या पिस्टनवर, मे महिन्यात, आपल्या पेट्रोलवर, चोर्ला चढताना. वर इन्शुरन्स कंपनीला कळवलं नाही तर क्लेम अडकणार ते वेगळंच. त्याला पटलं. मामानं सॉफ्टवेअरला जाणारे पैसे टायरला लावले आणि मागच्या जोडीचं माप लिहून देऊन त्यालाच कोल्हापूरला पाठवलं.